टेकसन पीएल-३३०: मोड भरपूर आणि बॅटरी पुरून उरते

एफएम, मीडियम वेव्ह, लाँगवेव्ह, शॉर्टवेव्ह आणि वर एसएसबी (हौशी रेडिओवाले बोलायला वापरतात ती पद्धत), एवढं सगळं तळहाताएवढ्या रेडिओत हवं असेल तर मी तरी हाच सुचवेन.

सगळ्यात आवडलं ते बॅटरीचं. जुन्या नोकियात असायची ती बीएल-५सी लागते, १००० एमएएचची, कुठल्याही मोबाईल रिपेरिंगवाल्याकडे मिळते. रोज संध्याकाळी तासभर ऐकलं तरी चार्जरची आठवण लवकर येत नाही. कारण आत डिझाईनच तसं आहे, जुन्या रेडिओत मोड वाढला की कॉइल, फिल्टर, सर्किट सगळं वाढायचं, इथे एकच डीएसपी (सिग्नल आकड्यांत हाताळणारी) चिप, ती सिग्नल लो-आयएफवर म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर खाली आणते, त्याचे आकडे करते आणि पुढे एएम की एसएसबी ते सॉफ्टवेअर बघतं, म्हणजे मोड वाढले म्हणून करंट काही वाढत नाही. सिलिकॉन लॅब्सच्या या जातीच्या चिप्स २० मिलिअँपिअरच्या आसपास भागवतात. लॅपटॉपला लावून रेडिओ ऐकायचा आरटीएल-एसडीआर डोंगल २५० च्या वर खातो आणि लॅपटॉपची वीज वेगळीच. फक्त आवाज मोठा ठेवलात तर चिपपेक्षा स्पीकरच जास्त बॅटरी खाईल, इअरफोन लावा.

सकाळी ७१०० किलोहर्ट्झच्या आसपास एलएसबी (एसएसबीचाच एक प्रकार) लावून बघाच. आधी नुसती किचकिच ऐकू येते, मग बाजूचं बारीक चाक हळूहळू फिरवलं की एकदम माणूस बोलायला लागतो, कॉलसाईन (बोलणाऱ्याचं ओळखचिन्ह) सुद्धा स्पष्ट, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या गप्पा ऐकत बसावंसं वाटतं. दिवसा पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झला बँडविड्थ (किती रुंद पट्टा ऐकायचा ते) ९ किलोहर्ट्झवर ठेवा, छान भरीव आवाज येतो, रात्री शेजारची स्टेशनं घुसायला लागली की ३.५ करा. ईटीएम प्लस ही आपोआप स्टेशनं शोधायची सोय तर भारीच, सापडलेली स्टेशनं तासागणिक वेगळी साठवतं, शॉर्टवेव्हला सकाळ-संध्याकाळ फ्रिक्वेन्सी बदलतात त्यामुळे याचा खरा उपयोग होतो.

आता खटकलेलं. एसएसबीत एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) नीट सांभाळत नाही, बोलणारा थांबला की मागचा खरखराट एकदम वर येतो. सिंक डिटेक्शन (सिग्नल कमी-जास्त झाला तरी एएमचा आवाज साफ ठेवायची सोय) आहे पण कमजोर सिग्नलवर लॉक सुटतं आणि आवाज चिरकतो, मी वापरतच नाही. डीआरएम (डिजिटल प्रसारणाची पद्धत) नाही, म्हणजे आकाशवाणीचं डिजिटल ऐकायचं असेल तर वेगळा रिसीव्हर बघावा लागेल. आणि चार्जिंगला लावून मीडियम वेव्ह ऐकू नका, स्वस्त चार्जर असेल तर घरघरीत स्टेशनच बुडून जातं, पिन काढली की साफ.