व्हिन्क्रिस्टिन: औषधाला पूर्ण गुण, सिरिंजला शून्य

व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळतं ते सदाफुलीपासून. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर किमोची कितीतरी औषधं आली नि गेली, पण लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), मुलांच्या मूत्रपिंडातला विल्म्स ट्यूमर यांच्या उपचारात हे इंजेक्शन आजही ठाण मांडून आहे. रक्तपेशी फारशा घटत नाहीत, उलट्या क्वचितच होतात, त्यामुळे इतर औषधांच्या जोडीला ते चांगलं चालतं. औषधाबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती ते अजूनही काही ठिकाणी सिरिंजमध्ये भरून वॉर्डात येतं याबद्दल.

रक्ताच्या कर्करोगात मेंदूच्या संरक्षणासाठी मेथोट्रेक्सेट किंवा सायटाराबिन ही किमोची औषधं कमरेतून, मणक्याच्या पोकळीतल्या पाण्यात देतात. पुष्कळदा त्याच रुग्णाला, त्याच दिवशी व्हिन्क्रिस्टिन शिरेतून द्यायचं असतं. दोन्ही सिरिंज लहान, दोन्ही एकाच ट्रेमध्ये. व्हिन्क्रिस्टिन चुकून कमरेत गेलं तर पायांपासून लुळेपणा वर चढत जातो, श्वास बंद पडतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी रुग्ण दगावतो. यावर उतारा नाही. हे जगात पुन्हा पुन्हा घडलं, शिकलेल्या, सावध माणसांच्या हातून घडलं. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला: हे औषध सिरिंजमध्ये नव्हे, लहान सलाईनच्या पिशवीत पातळ करूनच द्या.

पिशवीचा फायदा साधा आहे. ५० मिली द्रव कुणी कमरेत ढकलायला जात नाही. पिशवी टांगावी लागते, तिला नळी लावावी लागते, म्हणजे चूक करायलाच जागा उरत नाही. लाल अक्षरातलं ‘फक्त शिरेतून, इतर मार्गाने प्राणघातक’ हे लेबल हवंच, पण लेबल वाचणारा माणूस थकलेला असू शकतो. पिशवी थकत नाही. शिवाय कमरेतलं इंजेक्शन आटोपून रुग्ण त्या खोलीतून बाहेर येईपर्यंत व्हिन्क्रिस्टिन फार्मसीतून निघूच नये.

पिशवीची एक खोट मात्र आहे. नळीत १५ ते २० मिली द्रव सहज अडकून राहतो. ५० मिलीच्या पिशवीत तो म्हणजे डोसचा जवळपास तिसरा हिस्सा! पिशवी रिकामी झाली म्हणून नळी काढली, तर तेवढं औषध कचऱ्यात. त्यामुळे नळी आधी साध्या सलाईनने भरून घ्यायची आणि शेवटी साध्या सलाईननेच धुवून ते पाणीही शिरेत जाऊ द्यायचं. ही पायरी गाळलेली दिसली तर थांबवून विचारा.

डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो: मोठ्यांना दर चौरस मीटरला १.४ मिलीग्रॅम, मुलांना साधारण १.५, आठवड्यातून एकदा. बहुतेक उपचारपद्धतींत एका वेळी २ मिलीग्रॅमची कमाल मर्यादा असते. १.८ चौरस मीटरच्या माणसाचा हिशोब २.५२ येतो, दिले जातात २. व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) दर मिलीला १ मिलीग्रॅम असतं, म्हणून ०.६ चौरस मीटरच्या मुलाला ०.९ मिली. इथे दशांश चिन्ह घसरलं की डोस दहापट होतो. हिशोब दोघांनी स्वतंत्रपणे करायचा. एकाने केला आणि दुसऱ्याने मान डोलावली, ती तपासणी नव्हे.

देताना पाच ते दहा मिनिटं लागतात. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) ताजी हवी, शक्यतो कोपराखालच्या मोठ्या शिरेत. मनगट, कोपर, पंजाची मागची बाजू टाळावी. हातातल्या शिरेतून देताना पंप नको, पिशवी उंचावर टांगून आपोआप जाऊ द्यायचं. सुरुवातीला आणि मधूनमधून रक्त मागे येतं का ते पाहायचं, आणि पिशवी संपेपर्यंत सिस्टरने जवळच थांबायचं. रुग्ण ‘जळजळतंय’ म्हणाला की लगेच बंद. औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचा आणि खालचं मांस सडू शकतं. कॅन्युला काढायची नाही. तिच्यातूनच येईल तेवढं औषध ओढून घ्यायचं. मग हायलुरोनिडेज (सांडलेलं औषध पसरवून विरळ करणारं एन्झाइम) १५० युनिट १ मिलीत घेऊन, त्याचे ०.२ मिलीचे पाच भाग करून त्या जागेभोवती टोचतात. नंतर गरम शेक, १५-२० मिनिटं, दिवसातून चार वेळा, एक-दोन दिवस. गरमच. डॉक्सोरुबिसिन हे किमोचं दुसरं औषध बाहेर गेल्यावर बर्फ लावतात आणि त्याच सवयीने इथेही बर्फाची पिशवी हातात येते. व्हिन्क्रिस्टिनमध्ये थंडीने इजा वाढते.

खरा त्रास नसांचा. पेशी विभागताना लागणारे सूक्ष्म तंतू हे औषध बनू देत नाही, त्यातून कर्करोगाची पेशी मरते. पण नसांच्या आतली वाहतूकही त्याच तंतूंवरून चालते, म्हणून सर्वांत लांब नसा, पायांच्या, आधी कुरकुरतात. मुंग्या, जबड्यात दुखणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, टाचेवर चालता न येणं: पुढच्या डोसआधी हे सांगायलाच हवं. आतड्याच्या नसाही यात आल्या. बद्धकोष्ठता इतकी होऊ शकते की मळ वरच्या आतड्यात दगडासारखा अडतो, आणि गुदद्वाराच्या तपासणीत मात्र आतडं रिकामं लागतं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या डोसबरोबरच सुरू करावं, पोट फुगेपर्यंत थांबू नये.

हे औषध यकृतातून पित्तावाटे निघतं. म्हणून रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) दर १०० मिलीला ३ मिलीग्रॅमच्या वर असेल तर डोस साधारण अर्धा करतात. म्हणूनच बुरशीसाठीच्या इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल या गोळ्या सोबत नकोत; त्यांनी औषध शरीरात साचतं आणि नसांचं नुकसान एकदम वाढतं. शार्को-मारी-टूथ हा आनुवंशिक नसांचा आजार घरात असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा.

व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर ठेवायची, गोठू द्यायची नाही. औषध मुख्यतः विष्ठेतून बाहेर पडतं, तेव्हा डोसनंतर ४८ तास बाळाचं डायपर बदलताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. गरोदर बाईने ते काम दुसऱ्याकडे सोपवावं.