‘कापून बसवून देतो’ म्हणणाऱ्या मॉड्युलरवाल्यापासून सावध राहा

जुन्या वाड्यात, जिन्याखाली किंवा तिरप्या भिंतीच्या खोलीत पुस्तकांसाठी मॉड्युलर कपाट करून घ्यायचं मनात असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. वडोदऱ्यात आमची फसवणूक झाली. ती ज्या रीतीने झाली ती रीत कुठल्याही वाकड्यातिकड्या खोलीत चालेल अशी आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं आहे. विटांच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, एकही कोपरा काटकोनात नाही. पुस्तकांसाठी ठरवलेली भिंत नऊ फूट लांब. तिच्यावरून जिना उतरतो, त्यामुळे एका टोकाला उंची आठ फूट आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम तीन. पुस्तकं माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. कोश, बांधून घेतलेली मासिकं, जुने दिवाळी अंक. अशा पुस्तकांची एक फूट रांगसुद्धा सहज आठ-दहा किलो भरते.

दुकानदाराने माप घेतलं आणि नमुना म्हणून सनमायका लावलेला प्लायचा तुकडा हातात दिला. कडेला प्लायचे थर स्वच्छ दिसत होते. जिन्याच्या उताराचं काय, असं विचारलं तर म्हणाला, “बेन, चिंता ना करशो. मॉड्युलर छे ने, कापीने बेसाडी दईशुं.” दर चौरस फुटाला १,४०० रुपये आणि सत्तर टक्के आगाऊ.

खरी मेख त्या ‘कापीने’मध्ये आहे. मॉड्युलर खोका कारखान्यात मापाने कापतात, कडांना मशीनवर पट्टी चिकटवतात, भोकं पाडतात आणि मग जोडतात. अडचणीच्या खोलीत चांगला माणूस भिंतीची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजतो, ओळंबा सोडून भिंत किती झुकली आहे ते बघतो, काटकोन बघायला कोपऱ्यात गुण्या लावतो. सगळ्यांत कमी भरलेल्या मापापेक्षा खोके थोडे लहान करतो आणि उरलेली फट भिंतीच्या वळणाप्रमाणे तासलेल्या फिलर पट्टीने बुजवतो. उतार असेल तर खोके पायऱ्यांसारखे उतरत्या उंचीचे करतो, नाहीतर वरची तिरपी फळी कारखान्यातच कापून तिची कडही तिथेच बंद करतो. तयार खोका घरी आणून करवतीने छाटणं म्हणजे त्याची बंद कड उघडी करणं. आमच्याकडे नेमकं हेच झालं. उघड्या पडलेल्या कडा जिन्याच्या बाजूला फिलरमागे दडवल्या होत्या.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि खालची पाटी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली. फिलर काढून पाहिला तर आत प्लाय नव्हताच, लाकडाचा चुरा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड होता. वरून तोच रंग, समोरच्या कडेला पीव्हीसीची पट्टी, त्यामुळे बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो यात वाईट काही नाही, कोरड्या जागी हलक्या सामानाला तो चालतो. पण दर प्लायचा, नमुना प्लायचा आणि माल हा, याला फसवणूकच म्हणतात.

मधल्या फळ्या तोवर वाकल्या होत्या. अठरा मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डाची फळी मध्ये आधार न देता दोन फुटांपुढे नेली की पुस्तकांच्या वजनाने हळूहळू झोळ येतो. आमच्या फळ्या तीन फुटांच्या. पुस्तकांच्या कपाटाला तीन फूट का, याचं उत्तर एक फळी उतरवल्यावर मिळालं. तिच्या खालच्या अंगाला त्याच रंगाचं एक गोल स्टिकर होतं. नखाने उचकटलं तर आत सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं खोलगट भोक. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारात बिजागरीची वाटी बसते ना, तेच ते भोक. दुसऱ्या फळीलाही तसंच. म्हणजे कुणाच्या तरी किचनसाठी केलेले नव्वद सेंटिमीटर रुंदीचे भिंतीवरचे खोके आणि त्यांची दारं पडून राहिली होती, तीच छाटून ‘तुमच्या खोलीसाठी खास’ म्हणून आमच्या गळ्यात मारली.

अण्णांना याचं जास्त वाईट वाटलं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत त्यांचं आयुष्य गेलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी करवली. तिथले पुस्तकं ठेवायचे लोखंडी मांड आणि त्यांच्या मजल्यांची काचेची जमीन आजही बघण्यासारखी आहे. पुस्तकांचा भार फळीवरून उभ्या खांबांत आणि खांबांतून खाली उतरतो, हे त्या मांडांशेजारी उभं राहिलं की समजतं. घरच्या कपाटालाही नियम तोच. उभ्या पाट्या जवळजवळ हव्यात.

मोजमापातही लबाडी होती. भिंतीचा खरा आकार एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला तीन फूट, म्हणजे साडेएकोणपन्नास चौरस फूट. हिशोब लावला नऊ गुणिले आठ, बहात्तर फुटांचा. तिरप्या कामात माल वाया जातो, त्याचे पैसे कुणी आधी सांगून घेतले तर माझी तक्रार नाही. इथे साडेबावीस फुटांचे ३१,५०० रुपये न सांगता लावले, आणि माल पडून राहिलेला असल्याने वाया जायला वेगळं काही नव्हतंच.

एक गोष्ट पैशांपेक्षा गंभीर आहे. उंच खोके भिंतीला आखूड स्क्रूने नुसते टेकवलेले होते. स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती साधी गिट्टी चुन्याच्या गिलाव्यात धरत नाही, गिलाव्याची भुकटी होऊन ती बाहेर येते. माझ्या धाकटीने खालचं पुस्तक ओढलं तेव्हा सगळा खोका पुढे झुकला. हे तिथेच होते म्हणून त्यांनी पाठीने सावरला. घरात लहान मूल असेल तर गिलाव्याच्या आत विटेपर्यंत जाणारा लांब बोल्ट आणि वरून धरणारी लोखंडी पट्टी बसवल्याशिवाय पुस्तकं भरू देऊ नका.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं, ओल तुमच्या भिंतीची, वॉरंटीत पाणी बसत नाही. पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं. हातात फक्त एस्टिमेट, त्यावर जीएसटी क्रमांक नाही आणि मालाच्या रकान्यात नुसतं ‘फर्निचर वर्क’. मालाचं नाव, जाडी, प्रत्येक खोक्याची रुंदी आणि खरं क्षेत्रफळ लिहून सही करून द्यायला जो तयार नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका. साधा प्लाय आयएस ३०३ या भारतीय मानकात येतो, पाण्याला टिकणारा आयएस ७१० मध्ये. पाटीवर आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शिक्का नमुन्यावर नको, घरी आलेल्या पाट्यांवर बघा, आणि वायरसाठी पाडलेल्या भोकात डोकावून थर दिसतात की चुरा तेही बघा.

आमच्या उपयोगी पडले ते यूपीआयचे व्यवहार आणि त्याने स्वतः व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्लायच्या नमुन्याचा फोटो. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तो दाद देईना, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आमचं प्रकरण अजून चालू आहे.

कुणाकडे असंच कपाट आलं असेल तर रागाच्या भरात ते भंगारवाल्याला देऊ नका. माल वादात असेल तर आयोग त्याचा नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फुगलेली पाटी, भोकाची फळी, काढलेला फिलर, सगळं तारीख दिसेल असे फोटो काढून कोरड्या जागी ठेवा, आणि नवा सुतार कामाला लावण्याआधी जुनं कपाट भिंतीवर असतानाचेही फोटो काढा.