झबले ६१११ मध्ये, टोपडे ६५०५ मध्ये : एका वर्गीकरण सल्लासेवेचा अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेत आमचे लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान आहे. चीनमधून मागवलेली मागची खेप न्हावा शेवाला अडकली, कारण तेव्हाच्या एजंटाने सगळ्या मालाला ‘बाळांचे कपडे’ म्हणून सीमाशुल्काच्या टॅरिफमधला, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या यादीतला, ६१११ हा एकच कोड सरसकट लावला होता. खोकी उघडली गेली, कागद दुरुस्त होईपर्यंत बंदराचे भाडे चढत राहिले आणि ते आम्हीच भरले. म्हणून या वेळी माल निघण्याआधीच बावीस नमुने सोलापुरातल्या एका सीमाशुल्क सल्लागाराकडे दिले. त्या सेवेविषयी हे टिपण आहे.

त्यांनी पहिल्यांदा मागितला तो पुरवठादाराचा साइज चार्ट. लेबलावर ‘दोन वर्षे’ लिहिलेले असो वा ‘बेबी’, कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. ज्या मुलाची उंची ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याच्यासाठीचा कपडा तेवढा बाळाचा, आणि ही मोजणी कपड्याची नसून मुलाची. आमच्या मालावर ७३, ८०, ९०, १०० असे उंचीचेच आकडे असल्यामुळे काम सोपे झाले, पण निकाल चमत्कारिक निघाला. छातीवर हिरवा बेडूक छापलेला तोच सुती टी-शर्ट ८० मापाचा असेल तर ६१११ मध्ये, आणि ९० चा असेल तर मोठ्या माणसांच्या टी-शर्टांबरोबर ६१०९ मध्ये. हा भेद कागदापुरता नाही. टी-शर्टांसारख्या काही कोडना टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांत जे जास्त असेल ते शुल्क लागते आणि स्वस्त माल नेमका त्यात मार खातो.

दुसरा प्रश्न कापडाचा. मराठीत सुयांवरचेही ‘विणलेले’ आणि मागावरचेही ‘विणलेले’. चादरी-टॉवेलच्या या गावात तर विणणे म्हणजे मागच. टॅरिफमध्ये मात्र होजिअरीचे, म्हणजे सुयांवर विणलेल्या कापडाचे, प्रकरण ६१ आणि मागावरच्या कापडाचे ६२. सल्लागारांनी प्रत्येक नमुना भिंगाखाली धरून फासे दिसतात की उभे-आडवे धागे, ते आम्हाला दाखवले आणि मागावरच्या कापडाची झबली ६२०९ मध्ये वेगळी काढली. १०० मापाच्या जोडीत वरचा टी-शर्ट होजिअरीचा आणि खालची चड्डी मागावरच्या कापडाची होती. एकाच पिशवीत विकली तरी तिचे ६१०९ आणि ६२०३ असे दोन भाग केले, कारण वेगवेगळ्या शीर्षकांतले, म्हणजे वेगळ्या चार आकडी कोडमधले, कपडे संच म्हणून एकत्र धरता येत नाहीत. शर्ट मुलाचा की मुलीचा हे ठरवण्यासाठी पुढची डावी पट्टी उजवीवर येते की उलट, हेही पाहिले. एरवी मुलाचा की मुलीचा हे ओळखता येत नसेल तर कपडा मुलींच्या शीर्षकात जातो, हे आम्हाला नवीन होते.

चुका दोन झाल्या. सुटी विकायची टोपडी त्यांनी लाळेरी आणि पायमोज्यांच्या रांगेत ६१११ मध्ये टाकली होती. टोपडे हे शिरस्त्राण असल्यामुळे ते ६५०५ मध्ये जाते. (‘शिरस्त्राण’ हा शब्द कुंचीएवढ्या टोपड्याला वापरताना हसू येते, पण कोड तोच.) दुसरी चूक हिशेबातली. १,४०० रुपये विक्रीमूल्याच्या फ्रॉकवर त्यांनी १२ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) धरला, जेव्हा २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच लागतो. ज्या मालावर मूळ शुल्क २० टक्के आहे, त्यावर समाजकल्याण अधिभाराचे २ टक्के धरून शंभराच्या मालाचे १२२ होतात, आणि त्या १२२ वर ५ टक्के लावून एकूण बोजा २८.१ टक्के येतो. जुन्या दराने तो साडेछत्तीसच्या वर जात होता. दोन्ही दुरुस्त्या त्यांनी दुसऱ्या दिवशी, जादा पैसे न घेता करून दिल्या, तरी त्या आम्हाला दाखवाव्या लागल्या.

अहवाल आठवड्याऐवजी सतराव्या दिवशी मिळाला आणि तोही संपूर्ण इंग्रजीत. त्यांचे मत अधिकाऱ्यांवर बंधनकारक नाही, तसे हवे असल्यास सीमाशुल्काच्या मुंबईतल्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडून माल येण्याआधीच निर्णय घ्यावा लागेल, हे मात्र त्यांनी फी घेण्याआधीच स्पष्ट सांगितले. पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या खेपेचे नमुने त्यांच्याकडेच देणार आहे, टोपड्यांची पिशवी वेगळी बांधून.