चर्चने दिलेली सोबतीण : वर्षभराचा अनुभव

मी ताडीवाला रोडला राहते, कोरेगाव पार्कात चार घरी पोळ्या करते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पोरगी नववीत आहे. आमच्या भागातलं एक चर्च अडचणीतल्या घराला सोबती देतं. दर बुधवारी घरी येतात, वर्षभर, फुकट. चर्चचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रारही आहे.

आधीच सांगते, पैसे मिळत नाहीत. मी गेले होते पैशासाठीच. आल्या त्या साठीतल्या एक रिटायर शिक्षिका, हातात दोनशे पानी वही. पहिले दोन बुधवार नुसता चहा झाला. तिसऱ्या बुधवारी ताई म्हणाल्या, "कुणाकुणाचं देणं आहे, लिहू या." भिशी, बचत गट, दुकानाची उधारी आणि सावकाराचे २०,०००, महिना शेकडा पाचने. महिन्याला १,००० देत होते, वाटायचं फिटत आलं. ताईंनी पेन माझ्याच हातात दिलं. चौदा महिन्यांचे १४,००० गेलेले आणि मुद्दल २०,०००च. त्या गप्प. मी ओरडले, तेही त्यांच्यावरच.

आईची बोरमाळ घरात होती. ती बँकेत ठेवून कर्ज काढलं, सावकाराला मोकळं केलं. सावकाराला वर्षाला १२,००० जायचे, बँकेचं व्याज दोन हजाराच्या आसपास. बँकेत ताई दोनदा बरोबर आल्या. काउंटरवरचा म्हणाला, "उद्या या." ताई बाकावर बसूनच राहिल्या : "उद्या किती वाजता, ते लिहून द्या." मी एकटी असते तर गुपचूप परत आले असते.

धर्माचं सगळेच विचारतात. मी बौद्ध. ताई दारात "सलाम" म्हणतात, मी "जय भीम" म्हणते. उठताना विचारतात, "प्रार्थना केली तर चालेल?" एकदा पोरीला ताप होता, डोकं फिरलेलं, मी नको म्हणाले. पाणी पिऊन गेल्या, पुढच्या बुधवारी हजर. जाऊबाई अजून म्हणते, बघ, एक दिवस पाण्यात बुडवतील.

ताईंची पणजी दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींतली. तिथल्या छापखान्यात ती खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकली आणि तेवढ्यावर उभी राहिली, असं ताई सांगतात. वही का आणली, ते मला तेव्हा कळलं.

आता तक्रार. सहाव्या महिन्यात चर्चच्या ऑफिसातून एक मुलगा मोबाईल घेऊन आला. पोरीला पोपडे निघालेल्या भिंतीपाशी उभं केलं, रंगवलेली बाजू नको म्हणाला. तो फोटो त्यांच्या पत्रकात आला, खाली ‘गरजू कुटुंब’. वर्गातल्या एका मुलीने पाहिला. पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ताई मला घेऊन पाळकसाहेबांकडे गेल्या, त्यांनी माफी मागितली, पण पत्रकं वाटून झाली होती. एक तारा त्याचा कापला. ताईंना पाचच्या पाच.

जायचं असेल तर रविवारी उपासनेनंतर हॉलवर नाव देता येतं, आधार कार्ड मागत नाहीत. फक्त नळाला पाणी कधी येतं ते आधी सांगून ठेवा. माझ्याकडे ताई दोनदा ऐन पाण्याच्या वेळेला आल्या आणि हंडे त्यांनाच धरावे लागले.