नागपूर ते लंडन 9 तास 50 मिनिटं? अॅपवाल्या भाऊ, एकदा येऊन तर पाहा

रेल्वेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे किलोमीटर म्हटलं की माझे कान टवकारतात. लेक लंडनला गेली तेव्हा जावयाने फोनमध्ये हे अंतर सांगणारं अॅप टाकून दिलं. दोन शहरांची नावं लिहा, अंतर आणि उड्डाणाचे तास हजर. नागपूर-लंडन 7,470 किलोमीटर, 9 तास 50 मिनिटं. बायको म्हणाली, "म्हणजे दादर गाठण्याहून लवकर!" बॅग तेव्हाच काढली तिने.

अंतराबद्दल तक्रार नाही. नागपूर-मुंबई ते 683 दाखवतं. रेल्वेने 837, समृद्धीने 701. पण हे सरळ हवेतलं आहे, बरोबरच आहे. नातीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, रेघ तशीच अफगाणिस्तान, कॅस्पियनवरून गेली. मधला थांबा टाकायची सोय तर फारच छान. मुंबईमार्गे 7,895, दोहामार्गे 8,080 होतात, हे घरबसल्या कळलं.

तासांचं मात्र काही खरं नाही. पाच-सहा जोड्या टाकून पाहिल्या, तेव्हा हिशेब सापडला: ताशी 800 ने भागायचं आणि वर अर्धा तास ठेवून द्यायचा. बस! नागपूरहून लंडनला थेट विमानच नाही, हे त्याच्या गावीही नाही. एप्रिल 2025 पासून आपल्या विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, वळसा पडतो, तेही नाही. मुंबई-लंडन साडेनऊ तास सांगितले होते, आम्हाला जाताना सव्वादहा लागले आणि येताना सव्वानऊ. वर उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो, जाताना तोंडावर येतो, येताना पाठीवर. अॅपमध्ये जाणं-येणं सारखंच! नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर दोन तास आधी, मुंबईत साडेचार तास बाकड्यावर, हे सगळं धरून अजनीतल्या आमच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत वीस तास झाले. डब्यातल्या संत्रा बर्फीचा तोवर गोळा झाला होता.

घड्याळाचा घोळ वेगळाच. अॅप लंडन बाराही महिने साडेपाच तास मागे दाखवतं. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ पुढे करतात, फरक साडेचारच उरतो. जूनमध्ये आपल्या दुपारी एकला मी फोन लावला, म्हटलं तिकडे साडेसात असतील, नात दूध पीत बसली असेल. वाजले होते साडेआठ, ती केव्हाच शाळेत गेलेली. बायकोने दिवसभर माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

पाचपैकी तीन तारे, तेही अंतराचे. फुकट आहे, जाहिराती फार नाहीत, म्हणून ठेवलंय. शेजाऱ्यांचा मुलगा आता मेलबर्नला चाललाय. ते काल तास पाहायला आले, तर म्हटलं, नकाशा पाहून घ्या, तास तिकिटावरचे धरा.