चुंबक चिकटलं नाही म्हणून

आंबा, कोकम, फणस यांचा रस नाहीतर गर डब्यात भरणारे माझ्यासारखे छोटे कारखानदार कोकणात गावोगाव आहेत. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. दूध, सॉस, सरबतवाल्यांनीही वाचावं, कारण स्ट्रेनर, म्हणजे लाइनीतली गाळणी, सगळ्यांच्याच लाइनीत असतो आणि तो विकणारेही सगळीकडे फिरतात.

माझा कारखाना देवगड तालुक्यात. लाइन साधी आहे. गर काढणारा पल्पर, तो गर गाळणारा फिनिशर, मग टाकी, टाकीखाली पंप, पंपाच्या पुढे स्ट्रेनर, तिथून पाश्चरायझर आणि शेवटी गरम रस ३.१ किलोच्या डब्यात. स्ट्रेनर म्हणजे राखणदार, बाहेर भांडं आणि आत जाळीची टोपली. फिनिशरमधून निसटलेला धागा, सालीचा तुकडा, झिजलेल्या रबराचा कण, जे डब्यात जाऊ नये ते त्याने अडवायचं. दोन सीझनपूर्वी फेब्रुवारीत जुना स्ट्रेनर बदलायला काढला आणि तिथेच चुकलो.

विक्रेता आला तो इस्त्रीच्या शर्टात. खिशातून चुंबक काढलं, आमच्या कॅन्टीनमधल्या ताटाला लावलं, चटकन चिकटलं. मग आपल्या बॅगेतल्या जाळीच्या नमुन्याला लावलं, घसरून खाली. "बघा साहेब, तीनशे सोळा एल. आंब्याच्या आंबटपणाला हेच लागतं." ३१६ एल हा स्टेनलेस स्टीलचा महाग ग्रेड, ३०४ आणि २०२ हे त्याच्या खालचे. दुसऱ्या ठिकाणचं कोटेशन दोन लाख दहा हजारांचं होतं, याचं एक लाख शेहेचाळीस. दोन स्ट्रेनर, दोन जादा टोपल्या, गॅस्केटचे (जोड गळू नये म्हणून घालायच्या रबरी कड्यांचे) सेट, आणि वर चोवीस हजारांत वर्षाची देखभाल, म्हणजे एएमसी. मी मान डोलावली.

चुंबकाचं आता कळतं ते तेव्हा कळलं असतं तर! ३१६ ला चुंबक चिकटत नाही हे साधारण खरं आहे. पण ३०४ लाही चिकटत नाही आणि २०२ लाही नाही. बाजारात ज्याला दोनशे सिरीज किंवा जे-फोर म्हणतात त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, पण चुंबकाच्या दृष्टीने तो माल ३१६ चा सख्खा भाऊ. ३१६ मध्ये वेगळं असतं ते २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्लोरीनच्या पाण्याने आणि आंबट रसाने स्टीलला जी बारीक भोकं पडतात, ती पडू न देण्याचं काम त्याचं. चुंबकाला ते कुठून दिसणार? उलट ३०४ ची तार ओढताना किंवा पत्रा वाकवताना त्यात थोडं चुंबकपण येतं, म्हणजे चांगला माल नापास आणि भिकार माल पास असंही होऊ शकतं.

माल आला. बाहेरून आरसा. दाढी करावी असा. सोबत स्टील मिलचं सर्टिफिकेट, ठळक अक्षरात ३१६ एल, खाली सगळी रासायनिक टक्केवारी. मी ते फाइलला लावलं. त्यात काय लिहिलंय ते वाचलं जूनमध्ये, सगळं होऊन गेल्यावर. सर्टिफिकेट बहुधा खरंच होतं. फक्त ते ६ मिलिमीटर जाड प्लेटचं होतं. माझ्या टोपलीचा पत्रा दीड मिलिमीटरचा, वरची जाळी तारेची, आणि दोन्हीवर हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या त्या घाण्याचा नंबर, कोरलेला नाही. दुसऱ्याच्या पोराचा दाखला आणून आपल्या पोराला शाळेत घालावं तसला प्रकार.

पैशांतले शेवटचे दहा टक्के, माल चालवून बघितल्यावर द्यायचे असं ठरलं होतं. तो म्हणाला, आत्ता पूर्ण भरलेत तर तीन टक्के सूट. मी भरले. चार हजार वाचवल्याच्या आनंदात होतो.

आता देखभालीचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कंपनीतला एक मुलगा आला. हातात लेबल नसलेला प्लास्टिकचा कॅन. म्हणाला, पॉवरफुल सोल्युशन आहे. टोपली त्यात बुडवली तसा नाकाला झोंबणारा वास सुटला, पाचच मिनिटांत टोपली नवी कोरी. त्या "खास केमिकल"चे अडीच हजार वेगळे. फरशी धुवायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं ते, आमच्याच गोदामात त्याची बाटली आहे. स्टेनलेसचा याच्याइतका वैरी दुसरा नाही. ३१६ सुद्धा त्याच्यापुढे टिकत नाही, मग माझ्या मालाची काय कथा.

जाताना त्याने आणखी एक करून ठेवलं. आमचा स्ट्रेनर सरळ नळीसारखा, दोन्ही टोकांना सारखेच क्लॅम्प. आत भोकांची नळी, तिच्यावरून बाहेरच्या अंगाने २० मेशची जाळी, भोक साधारण ०.८ मिलिमीटरचं. रस बाहेरून आत यायला हवा, म्हणजे दाब जाळीला नळीवर दाबून धरतो. त्याने तो उलटा बसवला. रस आतून बाहेर, जाळीला पाठीमागे आधार कशाचाच नाही. अंगावर प्रवाहाचा बाण कोरलेला नव्हता, आणि आमच्यापैकी कुणाला विचारायचं सुचलं नाही. देखभाल त्यांची, आपण कशाला हात घाला, हा माझा शहाणपणा.

स्ट्रेनरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज आहे. जाळी स्वच्छ असली की दोन्हीत ०.२ बारचा फरक, आंब्याचे धागे अडकत गेले की तो वाढतो, ०.७ झाला की आम्ही बाजूचा स्ट्रेनर चालू करून हा काढून धुतो. मेच्या मध्यात, ऐन हापूसच्या धबडग्यात, पंपावरचा माणूस खुशीत सांगत आला की आज स्ट्रेनर धुवावाच लागला नाही, ०.६ वर गेला होता तो आपोआप खाली आला. मीही खूश. दिवसाला चारशे डबे निघत होते, अर्धा तास वाचला तर हवाच होता.

घाण साठलेल्या जाळीचा दाब आपोआप कमी होत नसतो. तो कमी होतो म्हणजे रसाला दुसरी वाट मिळाली. जाळी वेल्डिंगच्या शिवणीवर फाटली होती. गेज आम्हाला ओरडून सांगत होतं आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो. माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुकांत ही मला आजही सर्वात जास्त लागते, कारण यात फसवणाऱ्याचा हात नव्हता.

पाचव्या दिवशी फिलिंगचा नोझल तुंबला. तिथला पोरगा तो उघडून माझ्याकडे घेऊन आला. "अण्णा, ह्यात तार गावली." तीन मिलिमीटरचा तुकडा, टोकाला तपकिरी. पाश्चरायझरच्या पुढे आम्ही मॅग्नेट ट्रॅप बसवलाय तो अशाच वेळेसाठी. पण चुंबकाला न चिकटणारी तार तो कशी पकडणार? आणि पत्र्याचा डबा एकदा भरून बंद झाला की मेटल डिटेक्टरचा उपयोग नाही, डबाच धातूचा.

टोपली उजेडासमोर धरली तर शिवणीला बोटभर फट आणि सगळीकडे सुईच्या टोकाएवढी भोकं. गॅस्केट पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं. पांढरा, फूड ग्रेड सिलिकॉन म्हणून बिलात लावलेला माल हा. पांढरेपणा वरवरचा.

टोपली शेवटची कधी तपासली याची नोंद नव्हती. त्यामुळे गेज खाली आलं त्या दिवसापासूनचा सगळा माल थांबवला, दोन हजार डबे. काही लोकांनी सल्ला दिला की एक तार सापडली, एवढं काय. मला ते जमलं नाही. पोरांच्या ताटात जाणारा आमरस आहे तो. डबे फोडले, दोन गाळण्यांतून रस काढला, पुन्हा शिजवला. दोनदा शिजलेल्या हापूसचा रंग उतरतो, वास तर जातोच. आइस्क्रीमवाल्याने घेतला, त्याने सांगितलेल्या भावाने. डबे, मजुरी, गॅस धरून स्ट्रेनरच्या किमतीच्या कितीतरी पट गेलं.

जूनमध्ये टोपली घेऊन कोल्हापूरला गेलो. फाउंड्रीवाल्यांची कामं करणाऱ्या लॅबमध्ये एक्स-रेची बंदूक असते, धातूला टेकवली की अर्ध्या मिनिटात टक्केवारी दाखवते. स्ट्रेनरचं बाहेरचं भांडं ३०४ निघालं. टोपली आणि जाळीत मँगनीज ९ च्या आसपास, निकेल १ च्या आसपास, मॉलिब्डेनम नाहीच. बाहेरचं दिसतं ते बरं, आतलं दिसत नाही ते तसलं. लॅबवाला हसला नाही, पण रिपोर्ट देताना म्हणाला की तुम्ही यंदाचे पहिले नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा म्हणाले. वकिलांनी कागद मागितले तेव्हा खरं डोकं धरलं. ३१६ एल हा शब्द होता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या, सही नसलेल्या कोटेशनमध्ये. माझी ऑर्डर फोनवरची. आणि जीएसटीच्या बिलावर काय? "एसएस स्ट्रेनर विथ अ‍ॅक्सेसरीज". ग्रेडचा उल्लेख नाही. एसएस म्हणजे नुसतं स्टेनलेस स्टील, ते तर २०२ पण असतं. ज्याने बिल केलं त्याला ते पक्कं माहीत होतं.

नोटीस गेली, चार महिन्यांनी चाळीस हजार परत आले, "सौहार्दाने" असा शब्द घालून. बाकीचं सोडून दिलं.

आता आमच्याकडे खरेदीची ऑर्डर कागदावर जाते. ग्रेड, जाळीची जाडी, आतल्या वेल्डची घासाई, बाण कोरलेला हवा, आणि हेच शब्द बिलावर हवेत, नाहीतर पैसे नाहीत. माल आला की मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकतो. छोट्या बॅटरीने करंट दिला की ३१६ वर रंग बदलतो, इतरांवर नाही. टोपली आमचीच माणसं धुतात. रस थांबला की लगेच पाणी, सुकू द्यायचं नाही, मग ७० अंशांचा दीड-दोन टक्क्यांचा कॉस्टिक सोडा, पाणी, थोडं नायट्रिक अ‍ॅसिड, पुन्हा पाणी. नायलॉनचा ब्रश, तारेचा काथ्या गेटच्या आतही नाही. शेवटी दिव्यासमोर धरून बघायची आणि वहीत सही करायची. गेज खाली आलं तरी लाइन बंद, वर गेलं तरी बंद.

गेल्या मार्चच्या शेवटी त्याच कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी नम्र. "सर, तुमची एएमसी संपलीय. एकतीस तारखेच्या आत रिन्यू केलीत तर दहा टक्के सवलत आहे."