‘कोर्टानं सोडलं आम्हाला’ असं कुणी म्हणालं म्हणून सही करू नका

करवीर तालुक्यात आईच्या नावावर चोवीस गुंठे उसाचं रान. विकास सोसायटीनं पीककर्जाला ताजा सातबारा मागितला म्हणून काढला, तर आईचं नाव कंसात आणि मालक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. फेरफाराची नोटीस गावच्या घरी गेलेली, घराला कुलूप, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत. हरकतीचे पंधरा दिवस तसेच सरले. महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावच्या फेरफार नोटिसा दिसतात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

खरेदीखत झालं होतं कुलमुखत्यारपत्रावरून, म्हणजे आईनं दुसऱ्याला आपल्या वतीनं व्यवहाराचा अधिकार दिल्याच्या कागदावरून, आणि त्याच्यावर आईचा अंगठा. माझी आई चाळिशीत साक्षरता वर्गाला जाऊन सही शिकली. तेव्हापासून कुठल्याही कागदावर तिनं अंगठा उठवलेला नाही. तो कागद तिनं डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो माझा न्हवं."

फसवणूक आणि बनावट दस्ताचा गुन्हा दाखल झाला. आठवड्याभरात मध्यस्थ एजंट पाचशेचा स्टॅम्प घेऊन दारात. "दादा, कोर्टानं सोडलं की आम्हाला. केस संपली. चार लाख घ्या, तडजोडीवर आईची सही द्या, मिटवून टाका." हातात आदेशाची प्रत होती. आई घाबरली, मीही डगमगलो. पेन हातात घेतलं होतं, खोटं कशाला सांगू.

शेजारच्या वकीलताईंनी ती प्रत वाचली. आरोपींच्या अटकपूर्व जामीन अर्जावरचा तो आदेश. त्यात लिहिलं होतं : पुढील तारखेपर्यंत अंतरिम संरक्षण. म्हणजे तोवर अटक केली तर जामिनावर सोडायचं, एवढंच. अटकपूर्व जामिनाचं हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम ४३८, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२. अटकपूर्व जामीन पक्का झाला तरी तपास चालू राहतो, आरोपपत्र येतं, खटला उभा राहतो. निर्दोष ठरवणं हा त्या अर्जाचा विषयच नसतो. आणि फिर्यादीलाही वकिलामार्फत हस्तक्षेप अर्ज देऊन सरकारी वकिलांना मदत करता येते. पहिल्या तारखेला आमचं कुणीच नव्हतं, कारण आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

पुढच्या तारखेला कसबा बावड्याच्या कोर्टात आम्ही आईचं पासबुक, सोसायटीचे जुने अर्ज, तिच्या सह्या असलेलं सगळं नेलं. जामीन कायम झाला, पण अटी पडल्या : ठाण्यात हजेरी, मूळ कुलमुखत्यारपत्र पोलिसांकडे जमा, साक्षीदारांवर दबाव नाही. तो एजंट घरी आल्याचंही आम्ही लेखी दिलं होतं. अटी मोडल्या तर जामीन रद्द करायचा अर्ज देता येतो, आणि वरच्या कोर्टासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही; १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे.

फौजदारी केसनं खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, त्याला दिवाणी दावा वेगळा. तो आम्ही लावलाय, जमिनीवर मनाई हुकूमही मागितलाय. आईच्या अंगठ्याचे नमुने घेऊन ठसेतज्ज्ञांकडे गेलेत. ते देताना शाई लागलेलं बोट ती पदराला किती तरी वेळ पुसत होती.